सातवी ओळ

९ मे

धाकट्या,

चि. लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं धाकट्या. शेवटी आशीर्वादही शोधू नकोस.

परवा सकाळी छापखान्यात पोचल्यावर मी रोजच्यासारखं देवाचं नाव घेतलं, खिडक्या उघडल्या, तुझ्या संगणकाचं बटण दाबलं आणि जळका वास आला. ठिणगी नाही, आवाज नाही. झाकण खोललं तर आतल्या पाटीवरचे चार कपॅसिटर फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलेलं. सोळा वर्षं चालला. मी प्लग काढला, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि तुला अशा शिव्या दिल्या, ज्या आई असताना कधी तोंडातून काढल्या नव्हत्या. मग पुन्हा देवाचं नाव घेतलं. दोन्ही मनापासून होतं.

हे पत्र मदत मागायला नाही, हे आधी समजून घे. मदत मागण्याचे दिवस होते तेव्हा तू नव्हतास.

पण कुणाला तरी सांगायला हवं म्हणून सांगतो. अंध मुलांच्या पुस्तकांचे ब्रेल ठिपके उठवणारं आपलं यंत्र अजून तेच आहे, तू तेल घालायचास तेच. ते तुझ्या प्रोग्रामशिवाय कुणाचं ऐकत नाही. तुझा प्रोग्राम त्या एका ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय कुठे चालत नाही, आणि ती तर तू बसवलीस तेव्हाच म्हातारी झालेली होती. अशी एकावर एक तीन म्हातारी माणसं रचून तू निघून गेलास. मधलं कोसळलं की सगळं कोसळणार, हे तुला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. तू हुशार होतास. सगळे सांगायचे.

संस्थेचे कार्यवाह काल येऊन गेले. ते म्हणाले, एक नवा संगणक कुणीतरी देणगी म्हणून दिलाय, त्यावर महिनाअखेरपर्यंत यंत्र चालू झालं तर ठीक, नाहीतर यंत्र भंगारात आणि हे दालन शाळेला वर्ग म्हणून. नवीन यंत्र पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे, यंदा एकतीस मुलं गणिताच्या पुस्तकाशिवाय वर्गात बसणार. डोळस मूल फळ्यावरून तरी उतरवून घेईल. यांनी काय करायचं? आणि प्रूफं वाचणाऱ्या बाईंनाही घरी बसा म्हणून सांगणार. हे ते हळू आवाजात बोलले. बाई दहा फुटांवर होत्या. हळू बोललं की अंध माणसाला ऐकू येत नाही, असं काही लोकांना वाटतं.

हे पत्र टाकायचं कुठे, तेही मला ठाऊक नाही. तुझ्या शेवटच्या पत्त्यावर मी आई गेल्याचं कळवलं होतं. अकरा वर्षं झाली. तिकडून एक ओळ आली नाही. जन्म दिलेल्या बाईसाठी एक ओळ नाही.

दादा

१२ मे

धाकट्या,

तीन दिवस झाले, तोच काळा पडदा. तुझ्या जुन्या संगणकातली डिस्क काढली, जोडणीचं कार्ड आणून नव्याला लावली. यंत्राच्या त्या रुंद पंचवीस पिनांच्या केबलसाठी वेगळं कार्ड बसवलं. बटण दाबलं. ‘सुरू होत आहे’ एवढी एक इंग्रजी ओळ येते, खाली एक आडवी रेघ लुकलुकते आणि संपलं. पुढेही जात नाही, चूक काय तेही सांगत नाही. कुणी घरात असूनही दार उघडत नाही, तसं.

तुझी ती चिठ्ठी अजून कपाटाच्या दारावर आहे. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला. बदललेलं वहीत लिहा.’ फाडून टाकायला तीनदा उठलो. पण बरोबर आहे ते. गावच्या शाळेत गुरुजीही हेच सांगायचे, उत्तर चुकलं की सगळं पुसू नका, कुठल्या पायरीला चुकलं ते शोधा. तेव्हा वही केली. पहिल्या दिवशी नव्याला जुन्या पद्धतीने सुरू व्हायची परवानगी दिली. त्याच्या सेटिंगमध्ये ते होतं, इंग्रजी अक्षर अक्षर लावून शोधलं. मग डिस्कशी बोलायची पद्धत जुनी केली. मग मेमरीच्या दोन पट्ट्यांतली एक काढली, कारण म्हाताऱ्याला इतक्या मोठ्या घराची सवय नसते, कुठल्या खोलीत जावं कळत नाही. नवा कीबोर्ड मेल्यासारखा पडून राहतो म्हणून जुना गोल पिनेचा लावला. शेवटी प्रोसेसरचे सगळे भाग बंद करून एकच ठेवला. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ, आणि ओळीपुढे फुली. सव्वीस फुल्या झाल्या.

सत्ताविसाव्याला मी टेबलावर मूठ आपटली. बाई त्यांच्या जागी पान वाचत होत्या, डाव्या हाताची दोन बोटं ओळीवर, उजव्या हाताची पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. न थांबता म्हणाल्या, “यंत्र ऐकत नाही म्हणून टेबलाला मारू नका. टेबलानं काय केलंय?”

पलीकडे पुस्तकं बांधणारा बाइंडर गालात हसला. गेल्या तेरा वर्षांत कामाबाहेरचं त्यांचं माझ्याशी हे पहिलंच वाक्य असेल. एरवी ‘पान आणा’, ‘पान न्या’, ‘चौथ्या ओळीत चूक’. मी पुन्हा वही ओढली.

दुपारी कार्यवाह पुन्हा डोकावले. हा जुना हट्ट कशाला, माणसंसुद्धा बदलतात, असं म्हणाले. मी म्हटलं, “माणसं बदलतात साहेब, ठिपके सहाच राहतात.” ते गेल्यावर मला वाटलं, मी मोठं वाक्य बोललो. मग तू आठवलास. अशी वाक्यं तू बोलायचास, आणि लोक टाळ्या द्यायचे, आणि मग केबल लावायला खाली मी वाकायचो.

आई रुग्णालयात अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांतही वाकायला मीच होतो. तू कुठे होतास?

दादा

१६ मे

धाकट्या,

आज तुझी चोरी सापडली.

सकाळी एक जुनी युक्ती आठवली, तूच शिकवलेली. सुरू होताना आठव्या नंबरची कळ दाबून धरली, की ही म्हातारी सिस्टिम एकेक ओळ वाचून दाखवते आणि विचारते, ही करू का? हो म्हणा किंवा नाही म्हणा. पहिली ओळ, हो. दुसरी, हो. सहावीपर्यंत सगळं सुरळीत. सातव्या ओळीला हो म्हटलं आणि रेघ लुकलुकत बसली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. सहा वेळा हो, सातव्याला नाही.

ती सुरू झाली. नव्या संगणकावर, अडखळत नाही, खोकत नाही.  तेव्हा कळलं, दोष सिस्टिमचा नव्हता, नव्या संगणकाचाही नव्हता. सातवी ओळ तुझी होती. यंत्राला जागं करणारा तुझा तो छोटा प्रोग्राम. त्याच्याशिवाय सिस्टिम चालते, पण यंत्र ढिम्म. सात दिवस मी परक्याच्या घराची झडती घेत होतो आणि चोर माझ्याच रक्ताचा.

मग मी ते केलं, जे सोळा वर्षांत केलं नव्हतं. सुरुवातीच्या ओळींची ती फाइल उघडली. जुन्या संगणकावर तू पट्टी चिकटवली होतीस ना, ‘या फाइलला हात लावू नये’. मी लावला नाही. दुसऱ्याने सांगितलेलं पाळणारा या घरात मीच तेवढा.

सातव्या ओळीखाली दोन ओळी होत्या, सिस्टिमने वगळाव्यात अशी खूण करून ठेवलेल्या. पहिलीत तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंयस: ‘दादा, नवं मशीन फार वेगाचं असलं तर वरची ओळ मोजतच बसेल. ती काढ, खालची घाल.’ आणि खाली दुसऱ्या प्रोग्रामचं नाव. तो प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये होता, नीट, तयार.

मला समजायला थोडा वेळ लागला. एका ठिपक्यानंतर दुसऱ्या ठिपक्याआधी किती थांबायचं, हे ठरवायला तुझा जुना प्रोग्राम सुरुवातीला संगणकाचा वेग मोजतो. नव्याचा वेग इतका, की आकडा त्याच्या डब्यात मावत नाही, सांडतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मोजणी संपतच नाही. तुझ्यापेक्षा घाईचं कुणी जन्माला येईल, असं तुला तो लिहिताना वाटलंच नव्हतं.

पण राग याचा नाही. त्या नव्या प्रोग्रामपुढे तारीख होती. फाइल केव्हा ठेवली त्याची तारीख आणि वेळ. अकरा वर्षांपूर्वीची. आई गेली त्याच महिन्याची. आई बाराला गेली. फाइल पंधराला, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी.

घड्याळाचा सेल संपला असेल म्हणून चुकीची तारीख, असं मनाला सांगून पाहिलं. पण तो सेल मीच त्या वर्षाच्या सुरुवातीला बदलला होता. वहीत आहे.

म्हणजे तू आला होतास. आईला पोचवून तीन दिवस झाले होते, मी घरात भिंतीला टेकून बसलो होतो, दार सताड उघडं होतं, आणि तू इथे, पंधरा मिनिटांच्या वाटेवर, खुर्चीवर बसून यंत्राची काळजी करत होतास. लोखंडाची. लिहिलंस काय, तर ही काढ, ती घाल. आईबद्दल एक अक्षर नाही. अरे, वगळायच्याच ओळीत लिहायचं होतं, तर तिथे तरी लिहायचंस.

ती ओळ मी अजून बदललेली नाही. यंत्र गेलं भंगारात तरी चालेल, पण तुझ्या हाताने ते जिवंत व्हायला नको, असं आज दिवसभर वाटत राहिलं. संध्याकाळी देवासमोर बसलो आणि दिवा न लावताच उठलो.

दादा

१७ मे

त्या दुपारी छापखान्यात कोण होतं, ते मी आज शोधलं. शोधायचं काय? मी सुट्टीवर, बाइंडर आजारी. उरलं कोण?

जेवणाच्या सुट्टीत बाईंसमोर उभा राहिलो आणि विचारलं, तो आला होता का? त्यांनी डबा बंद केला. म्हणाल्या, “अकरा वर्षं लागली विचारायला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझं पत्र मिळताच तू निघालास, पण पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. तू आधी आपल्या गल्लीत गेलास, समोरच्या दुकानापाशी तासभर उभा राहिलास. मी दारातून दिसत होतो. मग इकडे आलास. त्यांनी तुला घरी जा म्हणून सांगितलं. त्यावर तू म्हणालास, “दादानं उंबरा ओलांडू नकोस म्हणून सांगितलंय. आई गेली म्हणून तो शब्द गेला, असं कुठं आहे?” जुना संगणक एक दिवस जाईल आणि दादा एकटा अडकेल, असं म्हणत तू दुपारभर बसून तेवढं काम केलंस. आणि त्यांच्याकडून वचन घेतलंस, की दादानं स्वतः विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

मी ओरडलो. म्हटलं, माझ्या भावाला तुम्ही लपवलंत. इतका ओरडलो की बाइंडर जिन्यावर जाऊन उभा राहिला.

बाई म्हणाल्या, “मी लपवलं. तुम्ही हाकललं. पुढचं पान आणा.”

आता लिहितो ते आजवर मी देवालाही नीट सांगितलेलं नाही.

आई अकरा दिवस पडून होती, त्यात तिने तीनदा तुझं नाव घेतलं. तिन्ही वेळा मी म्हणालो, कळवलंय, येतोय. कळवलं नव्हतं. पत्र लिहिलं ते ती गेल्यावर, त्याच संध्याकाळी. तू आला नाहीस, असं अकरा वर्षं जगाला सांगत फिरलो. बोलावल्याशिवाय येणार कुठून?

आणि त्याआधीचं. तू बाईंशी लग्न करायचं म्हणालास तेव्हा मी सांगितलं, आईला चालणार नाही. आंधळी सून आणलीस तर उंबरा ओलांडू नकोस. तुला वाटलं आईचा शब्द मी पोचवतोय. धाकट्या, आईला मी विचारलंच नव्हतं. तिला हे कळलं ते तू गेल्यावर, चार महिन्यांनी, शेजारणीकडून. तिने एवढंच विचारलं, “पोरगी स्वभावानं कशी आहे?” मी म्हणालो, मला काय माहीत. दहा फुटांवर बसणारी बाई, आणि मला काय माहीत.

आयुष्यभर मी अंध मुलांची पुस्तकं छापली. पुण्याचं काम म्हणून लोकांनी हात जोडले, मी जोडू दिले. स्वतःच्या दारात मात्र एक अंध बाई मला चालत नव्हती. मला, आईला नव्हे. माझा हा सगळा राग तुझ्यावर आहे असं मी समजत होतो. तुझ्यावर आहेच. पण मोजायला बसलो की तो तुझ्या डब्यात मावत नाही.

दादा

२३ मे

धाकट्या,

अठरा तारखेला सकाळी मी सातवी ओळ काढली आणि खालची घातली. एका वेळी एकच बदल. वहीत लिहिला. कळ दाबून न धरता सरळ सुरू होऊ दिलं. रेघ लुकलुकली, मी डोळे मिटले, आणि यंत्राने एकदा खाड् केलं. मग खाड् खाड् खाड्, सगळ्या पिना एकदा वर एकदा खाली. तो आवाज ऐकून बाईंचा हात पानावर थांबला.

गणिताचं पहिलं पान काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. वाचून म्हणाल्या, “तिसऱ्या ओळीपासून खालचा डावा ठिपका अर्धाच उठतोय. पिन साफ करा.” केली. दुसरं पान दिलं. काही बोलल्या नाहीत. त्यांनी काही न बोलणं म्हणजे पान पास, हे तुला ठाऊक आहे. आज निम्मी पुस्तकं बांधून तयार आहेत. कार्यवाह येऊन म्हणाले, मी म्हणतच होतो, यंत्र दणकट आहे. मी हसलो नाही.

काल दुपारी मी यंत्र थांबवलं आणि बाईंना म्हटलं, थोडं बोलायचंय. दार लावायला उठलो.

त्या म्हणाल्या, “राहू दे उघडं. तेव्हाही उघडंच होतं.”

मला तेरा वर्षं वाटत होतं, बाहेर जिन्यावर तुझं-माझं भांडण झालं तेव्हा या दालनाचं दार बंद होतं. ‘आंधळी सून’ त्यांनी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला येऊन ‘पान आणा’ म्हणाल्या होत्या.

मी उभ्यानेच बोललो. बाइंडर होता, पानं मोजणारी मुलगी होती, सगळ्यांसमोर. म्हटलं, आईला मी विचारलं नव्हतं, तिचं नाव पुढे करून मी नाही म्हणालो. ते शब्द माझे होते आणि ते मी मागे घेतो. एवढ्याला इतकी वर्षं लागली आणि बोलायला एक मिनिटही लागलं नाही.

त्यांनी क्षमा केली असं तुला वाटत असेल तर तसं नाही. त्या म्हणाल्या, “हे मला सांगून काय उपयोग? मी त्या दिवशी इथेच होते, मला सगळं माहीत आहे. ज्याला खोटं सांगितलंत, त्याला सांगा.”

मी म्हटलं, पत्ता नाही.

त्यांनी तुझा पत्ता तोंडपाठ म्हणून दाखवला, घर क्रमांकासकट. वर्षाला तुझं एक पत्र येतं म्हणाल्या, हाताने टोचलेल्या ठिपक्यांत. “चुकांनी भरलेलं असतं. मी चुका काढून परत पाठवते.” तेरा वर्षं हे चाललंय, माझ्या नाकाखाली, आणि टपालाचा गठ्ठा रोज मी सोडतो. तुझ्या त्या लाटण्यासारख्या गुंडाळीला मी नमुन्याची पानं समजत होतो. लबाडांनो.

आज सकाळी त्यांनी एक घडी केलेलं जाड पान माझ्या हातात दिलं. तुझ्या पाकिटात घालायला. तुम्ही ठिपके डोळ्यांनी वाचता हे मला माहीत आहे, वाचू नका, एवढंच म्हणाल्या. ते मी पालथं घालून माझ्या पत्रांच्या मध्ये ठेवतो आहे. त्यात होकार आहे, नकार आहे की तुझ्या मागच्या पत्रातल्या चुका आहेत, मला ठाऊक नाही. मागची पत्रं मी बदललेली नाहीत. शिव्यासुद्धा तशाच आहेत. वाच आणि चुका काढ.

दादा

२४ मे (कार्ड)

चि. धाकट्या,

पाकीट टाकून आत्ताच आलो. हे कार्ड त्याच्या मागून येईल किंवा पुढे, टपालाचा भरवसा नाही.

रांगेत उभं असताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. राग अजून आहे. तू समोरच्या दुकानापाशी तासभर उभा राहिलास आणि हाक मारली नाहीस, हे मी विसरणार नाही. पण मीही समोर बघितलं नव्हतं.

माझा नंबर आला. कारकुनाने पाकीट तोललं, तिकीट लावलं आणि शिक्का उचलला, तसं मी त्याचं मनगट धरलं. तो दचकला. मी म्हटलं, “जरा कडेला मारा, मध्ये ठिपके आहेत. दबले तर वाचता येणार नाहीत.” मागच्या माणसाने सुस्कारा सोडला. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, पाकीट फिरवलं, आणि अगदी कडेला, हलक्या हाताने शिक्का मारला. मग पाकीट त्याने गठ्ठ्यात फेकू नये म्हणून मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं.

अनेक आशीर्वाद.

दादा